एक मीटर, दोन चुली: बडोद्यातल्या एका लाइटबिलाची वाटणी

दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीतलं दुमजली घर. खाली काकू एकट्या राहतात; वर त्यांचा पुतण्या, त्याची बायको आणि दोन शाळकरी मुलं. चुली दोन, विजेचा मीटर एकच. कनेक्शन अजून काकूंच्या सासऱ्यांच्या नावावर आहे आणि सासरे जाऊन एक तप उलटलं. २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत बिल निम्मं-निम्मं व्हायचं. त्या उन्हाळ्यात वर एसी आला. मग जिन्यात वरच्या मजल्याच्या लाइनवर एक सब-मीटर बसला आणि युनिटला नऊ रुपये असा भाव ठरला. दर दोन महिन्यांनी बिल आलं की पुतण्या सब-मीटरचा आकडा वाचायचा, काकू तो नऊने गुणायच्या, पैसे खाली यायचे. वर्षभर हा व्यवहार बिनबोभाट चालला.

२०२५ च्या एप्रिल-मेच्या बिलावर तो अडला. एकूण ८२० युनिट, रक्कम ६,४६६ रुपये ४५ पैसे. वरच्या सब-मीटरवर ४७० युनिट, म्हणून काकूंनी ४,२३० रुपये मागितले. पुतण्याने मोबाइलवर घरगुती वापराचं दरपत्रक उघडलं. त्यात सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर ५ रुपये २० पैसे.

"काकू, सर्वांत महाग युनिटसुद्धा पाच-वीसचं आहे. तू नऊ कुठल्या हिशेबाने घेतेस?"

"अरे, मग हे साडेसहा हजार कुठून आले? मी का छापलेत?"

पुतण्याने ४७० ला ५.२० ने गुणून २,४४४ रुपये पुढे केले. ते घेतले असते तर काकूंच्या ३५० युनिटांवर ४,०२२ रुपये पडले असते, म्हणजे युनिटला साडेअकरा. काकूंचं मागणं मान्य केलं असतं तर त्यांना स्वतःला तेच युनिट ६ रुपये ३९ पैशाला पडलं असतं. दोघांच्या मधलं अंतर १,७८६ रुपये. रक्कम फार मोठी नाही, पण 'लबाडी' हा शब्द एकदा उच्चारला गेला होता. मी आसपासच्या दोन-तीन सोसायट्यांचे हिशेब बघतो, म्हणून बिल माझ्याकडे आलं. नावं दिलेली नाहीत. आकडे त्या बिलातलेच आहेत.

बिल काय म्हणतं

गल्लीतल्या जुन्या मंडळींच्या तोंडी अजून 'जीईबी'च आहे. गुजरात वीज मंडळाचे तुकडे पडून २००५ पासून शहराला मध्य गुजरात वीज कंपनी वीज पुरवते, पण "जीईबीवाला आला" हेच कानावर पडतं. दर मात्र कंपनी ठरवत नाही. ते गुजरात वीज नियामक आयोग ठरवतो. त्यामुळे आधी कंपनीने घोटाळा केलाय का हे पाहिलं. नव्हता केला. बिल पैशापर्यंत बरोबर होतं.

शहरी घरगुती वापराचे महिन्याचे टप्पे असे: पहिली ५० युनिट ३.०५ रुपयांनी, पुढची ५० युनिट ३.५० ने, त्यापुढची १५० युनिट ४.१५ ने आणि २५० च्या वरचं प्रत्येक युनिट ५.२० ने. बिल दोन महिन्यांचं म्हणून टप्पे दुप्पट होतात: १००, १००, ३०० आणि ५०० च्या वर. ८२० युनिटांना हे लावलं की ३०५ अधिक ३५० अधिक १,२४५ अधिक १,६६४, बेरीज ३,५६४ रुपये. मंजूर भार ३ किलोवॅट, त्याचा स्थिर आकार महिन्याला २५, दोन महिन्यांचा ५०.

पुतण्याचा हिशेब इथे संपत होता, कारण दरपत्रकाचं ते पान इथे संपतं. बिल संपत नाही. पुढची ओळ फ्यूल चार्जची, म्हणजे इंधन अधिभाराची: ८२० युनिट गुणिले २ रुपये ४५ पैसे, २,००९ रुपये. मग या सगळ्यावर १५ टक्के वीज शुल्क, ८४३ रुपये ४५ पैसे. हे शुल्क राज्य सरकारचं, आणि ते फ्यूल चार्जवरही बसतं. म्हणजे फ्यूल चार्ज त्याच्या वाट्याच्या शुल्कासह २,३१० रुपये होतो, बिलाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त.

५.२० चं युनिट घरात येईपर्यंत ५.२० अधिक २.४५, वर १५ टक्के, असं ८ रुपये ८० पैशाला पडतं. पहिलं, स्वस्तातलं स्वस्त ३.०५ चं युनिट ६ रुपये ३३ पैशाला. पुतण्याने दाखवलेला दर खराच होता, पण त्या दराने या घरात एकही युनिट आलेलं नव्हतं.

आता काकूंचा नऊ. तो त्यांनी मनाने काढलेला नव्हता. त्यांचे भाऊ बँकेतून निवृत्त झालेले. २०२४ च्या उन्हाळ्यात सब-मीटर बसला तेव्हा त्यांनी कागदावर मांडून दिला होता आणि तो कागद काकूंनी बिलांच्या पिशवीत जपून ठेवला होता. त्यावर पेन्सिलने ५.२० + २.८५, पुढे १५ टक्के, उत्तर ९.२५, आणि त्याखाली 'नऊ घ्यावे, घरचेच आहेत' अशी ओळ. म्हणजे पंचवीस पैसे सोडलेले. तेव्हा फ्यूल चार्ज खरंच २.८५ होता. २०२४ च्या ऑक्टोबरपासून तो ४० पैशांनी उतरून २.४५ वर आला. पिशवीतला कागद उतरला नाही.

भावांच्या हिशेबात आणखी एक मेख होती. एसीमुळे वाढलेली युनिटं वरच्याच टप्प्यात मोडतात, हे त्यांचं म्हणणं बरोबर. पण वरच्या मजल्यावरची सगळीच्या सगळी ४७० युनिटं काही ५०० च्या पलीकडची नव्हेत. पलीकडची फक्त ३२०. मुलांचा पंखा आणि वहिनीचा मिक्सर हे सगळ्यात महाग युनिटावर चालतात आणि काकूंचा फ्रिज सगळ्यात स्वस्त युनिटावर, असं म्हणायला मीटरमध्ये काहीच आधार नाही. मीटर युनिटं मोजतो, कोणाची ते मोजत नाही.

सुनावणी कशाची होते

'यंदा दरवाढ नाही' ही बातमी काकूंनी पेपरात वाचलेली होती, आणि तीही खरी होती. गुजरातच्या सरकारी वितरण कंपन्यांचे हे टप्पे बरीच वर्षं जवळपास जागेवरच आहेत. वीज कायदा २००३ च्या कलम ६४ प्रमाणे कंपनीला दरांसाठी आयोगाकडे याचिका करावी लागते, तिचा गोषवारा प्रसिद्ध करावा लागतो, लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, आणि आयोगाने १२० दिवसांत आदेश द्यायचा असतो. कंपनीने मागितलेला खर्च जसाच्या तसा मान्य होत नाही. गळती किती धरायची, पगार-देखभालीवर किती, भांडवलावर परतावा किती, यावर आयोग कात्री चालवतो. कोणीही साध्या कागदावर हरकत पाठवू शकतो. गांधीनगरच्या सुनावणीला मुख्यतः उद्योगांच्या संघटना आणि दोन-चार चिवट ग्राहक कार्यकर्ते दिसतात, हा भाग वेगळा.

त्याच कायद्याचं कलम ६२(४) सांगतं की दर एका आर्थिक वर्षात साधारणपणे एकदाच बदलावेत. लगेच पुढे अपवाद आहे: इंधन अधिभाराच्या ठरलेल्या सूत्राने होणारे बदल यात धरू नयेत. फ्यूल चार्ज या अपवादातून बिलात येतो. गुजरातमध्ये तो तिमाहीला ठरतो. सूत्र आयोगानेच ठरवून दिलेलं आहे, आणि एका तिमाहीत १० पैशांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर आयोगाची आधी मंजुरी लागते. त्याच्या आतली वाढ सूत्राने आपोआप होते. केंद्राने २०२२ च्या डिसेंबरमध्ये नियम दुरुस्त करून हा आपोआपपणा देशभर, तोही महिन्याच्या हिशेबाने, आणायचा रस्ता मोकळा केला.

यात कपट आहे असं मी म्हणणार नाही. वितरण कंपनीच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा वीज विकत घेण्याचा असतो. वर्षाच्या सुरुवातीला ती कितीला मिळेल याचा अंदाज बांधला जातो आणि प्रत्यक्ष भाव वेगळा निघाला की फरक सूत्राने वसूल होतो किंवा परत दिला जातो. गुजरातच्या किनाऱ्यावर, मुंद्र्याला, आयात कोळशावर चालणारे दोन मोठे प्रकल्प आहेत. त्यांच्याशी करार झाले तेव्हा इंडोनेशियाचा कोळसा स्वस्त होता. २०१० मध्ये इंडोनेशियाने निर्यातीचे भाव बाजाराशी जोडले आणि करार तोट्यात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. २०१७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की परदेशातला कायदा बदलला म्हणून ग्राहकांकडून भरपाई मागता येणार नाही. त्यानंतर राज्य सरकारने समिती नेमली आणि २०१८ मध्ये पूरक करार होऊन कोळशाच्या भावाचा बराचसा भार दरात सामावून घेतला गेला. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर कोळसा भडकला. २०२३ अखेर गुजरातचा फ्यूल चार्ज ३.३५ वर होता. जानेवारी २०२४ मध्ये तो २.८५ झाला, ऑक्टोबरमध्ये २.४५, आणि २०२५ च्या जुलैपासून २.३०.

काकूंचीच ८२० युनिटं ३.३५ च्या काळात वापरली असती तर बिल ७,३१५ रुपये झालं असतं, साडेआठशेने जास्त. आणि त्या सबंध काळात टप्प्यांचं पान तेच, अक्षरही न हललेलं. म्हणून माझं मत असं की ज्या पानावर सुनावणी होते ते पान वाचून घरगुती ग्राहकाला विजेचा भाव कळत नाही. तो तिमाहीच्या परिपत्रकात असतो, आणि उतरतो तेव्हा मंत्र्यांच्या घोषणेतून कळतो. चढतो तेव्हा बिलातूनच.

आणखी एक गोष्ट कोणी फारशी बोलत नाही. टप्पे कमी वापरणाऱ्याला सवलत मिळावी म्हणून आहेत. फ्यूल चार्जला मात्र टप्पे नाहीत. पहिल्या युनिटालाही २.४५ आणि आठशेव्यालाही २.४५. ३.०५ वर २.४५ म्हणजे ऐंशी टक्के वाढ, ५.२० वर म्हणजे सत्तेचाळीस टक्के. टप्प्यांनी जी उतरंड केली ती या सपाट ओळीने बरीच पुसली जाते. एका खोलीत बल्ब, पंखा आणि टीव्हीवर भागवणाऱ्या घराला हे जास्त लागतं.

वाटणीचे तीन मार्ग

आता मूळ भांडण. ६,४६६ रुपये ४५ पैशांत वरच्यांचा वाटा किती?

सोपा मार्ग सरासरीचा. बिल भागिले युनिट, ७ रुपये ८९ पैसे. ४७० युनिटांचे ३,७०६ रुपये.

दुसरा मार्ग काकूंच्या भावांच्या विचाराजवळचा: घरात काकू एकट्याच असत्या तर ३५० युनिटांचं बिल किती आलं असतं? दोन किलोवॅट भार धरून २,४९० रुपये. उरलेले ३,९७७ वरच्यांमुळे वाढले, ते वरच्यांनी द्यावेत. युनिटला ८ रुपये ४६ पैसे. म्हणजे काकूंच्या बाजूचा सर्वांत कडक हिशेब मांडला तरी नऊ निघत नाहीत.

तिसरा मार्ग पुतण्याच्या बायकोने सुचवला, आणि मला तो सर्वांत विचारी वाटला. दोघांचे मीटर वेगळे असते तर? वरचे ४७० युनिट स्वतंत्र मीटरवर, दोन किलोवॅटच्या भाराने, ३,४०१ रुपये. काकूंचे २,४९०. बेरीज ५,८९०. एकत्र मीटरवर मात्र ६,४६६. फरक ५७६ रुपये. दोन घरांच्या वाट्याला दोनदा यायला हवी होती ती स्वस्त टप्प्याची युनिटं एका मीटरमुळे एकदाच मिळतात आणि ३२० युनिटं ५.२० च्या टप्प्यात जाऊन पडतात. वेगळं असतं तर एकही पडलं नसतं. टप्पे मीटरला असतात, माणसांना नाही. चार जणांच्या घराला आणि एकट्या बाईला तेच ५० युनिट स्वस्त.

हे ५७६ रुपये काकूंनी लाटले नव्हते आणि पुतण्यानेही बुडवले नव्हते. ते दर दोन महिन्यांनी घराबाहेर जात होते, आणि दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याने घेतले.

पंप

हिशेब इथपर्यंत आल्यावर पुतण्या सरासरीला, ३,७०६ ला, तयार झाला. काकू गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आणि मोटर?"

अंगणात जमिनीखालची टाकी आहे. पालिकेचं पाणी तिच्यात पडतं आणि एक हॉर्सपॉवरची मोटर ते गच्चीवरच्या टाकीत चढवते. गच्चीची टाकी दोन्ही मजल्यांची. मोटर मात्र खालच्या लाइनवर, सब-मीटरच्या अलीकडे. 'काकूंचे युनिट' हे मुळात मोजलेले नव्हतेच. मुख्य मीटरमधून सब-मीटर वजा करून जे उरेल ते काकूंचं. मोटर, जिन्यातला दिवा, कुठे गळती असेल तर तीही, सगळं निमूटपणे त्यांच्या खात्यात.

मोजून बघितलं. मुख्य मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि खाली बारीक अक्षरांत ३,२०० छापलेलं असतं, म्हणजे दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद केलं. दिवा थांबला; म्हणजे गळती नाही, हे बरं झालं. मग फक्त मोटर चालू केली आणि पुतण्याच्या मुलाने मोबाइलवर मिनिट लावून मोजलं: ५३. म्हणजे तासाला ३,१८० लुकलुकी, जवळपास एक युनिट. मोटर दिवसाला तासभर तरी चालते, यावर दोन्ही मजल्यांचं एकमत झालं. दोन महिन्यांचे ६० युनिट. त्यानंतर मोटर बंद करून वर फक्त इस्त्री लावली आणि दोन्ही मीटरचे दिवे एकाच मिनिटात मोजले. आकडे जुळले, म्हणजे सब-मीटर ठीक होता. असे सब-मीटर विकत घेऊन वायरमनकडून बसवलेले असतात, त्यांना कंपनीचं सील नसतं, म्हणून हे एकदा बघून घेतलेलं बरं.

मोटरचे ६० युनिट निम्मे केले की वरच्यांचे ५०० होतात आणि काकूंचे ३२०. सरासरी दराने वरच्यांचा वाटा ३,९४३ रुपये, काकूंचा २,५२३. म्हणजे काकूंचा दर चुकीचा होता, पण त्यांनी मागितलेली रक्कम खऱ्याच्या २८७ रुपयांच्या आत होती. पुतण्याने आधार खऱ्या दरपत्रकाचा घेतला होता, पण त्याने देऊ केलेली रक्कम १,४९९ रुपयांनी कमी होती. त्याने ३,९४३ दिले. लबाडीबद्दल कोणी कोणाची माफी मागितली की नाही हे मी विचारलं नाही. चहा मात्र वरून खाली आला.

गॅस बघ, एकच रेट

बोलता बोलता पुतण्या म्हणाला की विजेपेक्षा पाइपचा गॅस बरा, एक रेट, भानगड नाही. हे बडोद्यात अनेकांना वाटतं. इथे पाइपचा गॅस सत्तरीच्या दशकापासून, पालिकेनेच आणलेला. आज तो पालिका आणि गेल गॅस यांच्या भागीदारीतली वडोदरा गॅस लिमिटेड देते. बिल सुटसुटीत आहे खरं. पण विजेच्या दरावर आयोग बसतो, तसा घरगुती पाइप गॅसच्या दरावर कोणी बसत नाही. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ २००६ च्या कायद्याने आलं, ते शहरं वाटून देतं, सुरक्षेचे आणि सेवेचे नियम करतं; पण शहर गॅस कंपनीचा किरकोळ भाव ठरवायचा अधिकार त्याला नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला.

भाव काबूत राहतो तो दुसऱ्या टोकाने. घरगुती गॅस आणि सीएनजीसाठी केंद्र सरकार देशातल्या जुन्या विहिरींचा गॅस प्राधान्याने देतं. त्याची किंमत एप्रिल २०२३ पासून भारतीय कच्च्या तेलाच्या सरासरी भावाच्या १० टक्के, पण दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिटांना (हे उष्णतेचं माप) ४ डॉलरपेक्षा कमी नाही आणि ६.५० पेक्षा जास्त नाही; २०२५ च्या एप्रिलपासून ही वरची मर्यादा ६.७५ झाली. हा कोटा कमी पडला की कंपनीला महाग गॅस घ्यावा लागतो आणि रेट वाढतो. त्यावर हरकत घ्यायला गांधीनगरला सुनावणी नसते. कर जीएसटीत नाही, राज्याचा व्हॅट आहे; गुजरातने तो २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये १५ वरून ५ टक्के केला. पुतण्याला विजेच्या चार ओळींची चीड येते. मला त्या ओळी दिसतात याचं बरं वाटतं.

वेगळा मीटर का नको होता

५७६ रुपये उन्हाळ्याचे. हिवाळ्यात एकत्र वापर ३८० च्या आसपास असतो, तेव्हा फरक पावणेदोनशेचा. वर्षाकाठी दोनेक हजार. अनामत, वायरिंग आणि धावपळ धरली तरी वेगळं कनेक्शन घेण्यासारखं होतं. तरी घरात हा विषय आजवर कोणी काढला नव्हता, आणि त्याचं कारण विजेशी संबंधित नव्हतं.

घर सासऱ्यांच्या नावावर, वारस चार. काकू, पुतण्या, पुण्याचे थोरले दीर आणि ग्वाल्हेरला दिलेली नणंद. वाटण्या झालेल्या नाहीत. पुतण्याच्या नावाचा मीटर वर लागला की तो मजला त्याचा झाला, अशी पुण्याकडची समजूत. काकूंनाही आतून तीच धास्ती; त्यांनी ती नऊ रुपयांच्या भांडणात गुंडाळून ठेवली होती. आणि पुतण्याची समजूत अशी की सगळ्या वारसांच्या सह्यांशिवाय कंपनी कनेक्शन देणारच नाही, म्हणून तो अर्जाच्या वाटेला गेला नव्हता.

कायद्यात या दोन्ही समजुतींना जागा नाही. कलम ४३ म्हणतं की जागेच्या मालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने अर्ज केला की वितरण कंपनीने वीज द्यायची. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका भाडेकरूच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की वीज ही मूलभूत सोय आहे, घरमालकाने ना-हरकत दिली नाही म्हणून ती नाकारता येत नाही. अर्जदार तिथे राहतो की नाही एवढंच कंपनीने बघायचं. उलट बाजूने, विजेचं बिल हा राहण्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. वाटणीच्या दाव्यात तो कागद कोणाला हिस्सा मिळवून देत नाही. ग्राहक हक्कांच्या नियमांत २०२४ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून महानगर सोडून इतर पालिका हद्दीत नव्या कनेक्शनची मुदत सात दिवस आहे. कागद पूर्ण असले की, अर्थात.

पुण्याशी फोनवर बोलणं झालं. थोरले दीर म्हणाले, "मीटर घ्या, पण एक कागद करा." कागद केला: वरच्या मजल्यावर स्वतंत्र कनेक्शन सोयीसाठी घेतलं आहे, त्याने कोणाचाही हिस्सा कमी-जास्त होत नाही. चौघांच्या सह्या व्हॉट्सॲपवर फिरून आल्या. हा कागद कंपनीला नकोच होता. पण तो नसता तर अर्ज गेला नसता.

गल्लीत सल्ला देणारे पुष्कळ. एकाने सांगितलं, आत्ता अर्ज केलात तर स्मार्ट मीटर माथी मारतील. मे २०२४ मध्ये प्रीपेड स्मार्ट मीटरविरुद्ध बडोद्यात लोक रस्त्यावर उतरले होते, शेवटी सरकारला जुने मीटर जोडीला ठेवून आकडे पडताळून दाखवायची तयारी करावी लागली. ती आठवण ताजी आहे. मीटर बदलल्याने टप्पे किंवा फ्यूल चार्ज बदलत नाही, एवढंच मी सांगितलं. दोन महिन्यांनी एकदम बसणारा दणका प्रीपेडमध्ये रोज थोडा थोडा बसतो, आणि रोज बसतो म्हणून जास्त दिसतो. काकूंनी ऐकून घेतलं आणि "तरी जुनाच मिळाला तर बघ," असं पुतण्याला बजावलं.

कामाची वाटणी अशी ठरली. खालचं कनेक्शन सासऱ्यांच्या नावावरून काकूंच्या नावावर करायचा अर्ज वेगळा. त्याला मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती लागणार, तो सावकाश होईल. वरचा नवा अर्ज पुतण्याच्या नावाने, दोन किलोवॅटचा. जिन्यातला सब-मीटर काढून मोटरच्या लाइनवर बसवायचा. त्याच्या युनिटांचा निम्मा भाग पुतण्या काकूंना देणार, आणि दर त्या-त्या बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट. पिशवीतल्या पेन्सिलच्या कागदावर काकूंनी स्वतः रेघ मारली आणि पाठीमागे हा भागाकार लिहून घेतला. नव्या बिलाच्या वेळी फ्यूल चार्ज २.३० झालेला असेल हे मी सांगितलं, त्या म्हणाल्या, "भागिले केलं की आपोआप येईल ना? मग मला कशाला सांगतोस?"

जिन्यातल्या दिव्याचा प्रश्न राहिला आहे. नऊ वॅटचा एलईडी, रात्रभर जळला तरी दोन महिन्यांत साडेसहा युनिट. तो कोणाच्या मीटरवर जोडायचा ते वायरमन येईल त्या दिवशी ठरेल.